नीलबेड्याचं पाणी

प्रमोदला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणीच्या आठवणी लिहायला बसलेली माणसं शेवटी शेवटी सगळ्यांना माफ करत सुटतात, असा माझा वाचनाचा अनुभव आहे. मास्तरांना माफ, सासूला माफ, भावकीला माफ. माझ्याने ते होत नाही. आता केस पिकले, पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरतो, तरी त्या माणसाचं नाव कानावर पडलं की माझी मान ताठ होते. मुलगी म्हणते, आई, किती वर्षं झाली आता. झाली असतील. लोणचं मुरलं म्हणून काही गोड होत नाही.

आम्ही जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा 'आत' कामाला होते. आत म्हणजे गेटच्या आत, आणि तिथे नेमकं काय चालतं ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बारूद असते एवढं माहीत. सकाळी भोंगा वाजला की भंडाऱ्याहून बसगाड्या यायच्या, सायकलींच्या घंट्या सुरू व्हायच्या आणि क्वार्टरांची सगळी लाइन एका दमात रिकामी होऊन जायची. गेटवर झडती असे. काडेपेटी, बिडी, लायटर, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. बाबांना त्याची इतकी सवय झाली होती की घरातल्या काडेपेटीलाही ते हात लावत नसत. देवापुढची उदबत्तीसुद्धा आईच लावायची. दिवाळीत आमच्या लाइनीतली पोरं फटाके उडवताना आधी चारी बाजूंना पाहायची. आई आसगावची, धानाच्या घरातली. तिचा तांदूळ माहेरून यायचा, लाखोळीची डाळ माहेरून यायची, आणि रविवारी त्या डाळीचे वडे तळायला लागली की शेजारपाजारच्या घरांतून काहीतरी निमित्त काढून कोणी ना कोणी वाटी घेऊन उभं राहायचं.

त्या वड्यांच्या वासातच टीव्हीवर 'नीलबेडा' लागायची. हिंदी मालिका होती; बेडा म्हणजे नौकांचा ताफा. एक सूर्य विझत चाललेला, तिथली माणसं सात नौकांमध्ये बसून दुसरा सूर्य शोधायला निघालेली. आज ती पाहिली तर पुठ्ठ्याच्या भिंती आणि चांदीचा कागद दिसेल, पण आम्हाला तेव्हा पुठ्ठा दिसत नव्हता. बायकासुद्धा पाहायच्या. पलीकडच्या काकूंना कप्तानाची बायको फार आवडायची, कारण ती नवऱ्याला चार माणसांत टोकायची. एका रविवारी सातही नौका धूमकेतूंच्या फेऱ्यात अडकल्या, पाणी संपत आलं, कप्तान पडद्याकडे वळून काहीतरी सांगणार, तेवढ्यात भाग संपला. पुढच्या रविवारी त्या जागी एक बाई ढोकळा करून दाखवत होती. मालिका बंद. का बंद, कोणी सांगितलं नाही. सात नौका तशाच अधांतरी राहिल्या. सगळ्या लाइनीनं त्या ढोकळेवालीला शिव्या घातल्या, तिचा बिचारीचा काही दोष नसताना.

प्रमोद आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याची आई त्याच्या लहानपणीच गेलेली, वडील शिफ्टवाले, त्यामुळे तो जेवायला बहुतेक आमच्याकडेच असे. आईला काकू म्हणायचा, पण हक्क पोटच्या पोराचा. "काकू, अंबाडीची भाजी उरली का?" असं विचारत सरळ चुलीपाशी जायचा. आई त्याला माझ्याआधी वाढायची, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आम्ही दोघं कॉलेजला गेल्यावर बाबांनी जोडाजोड करून एक कॉम्प्युटर घेतला, टेलिफोन तर होताच. एका दुपारी वडे खाता खाता प्रमोद म्हणाला, "अर्चू, मालिकावाल्यायनं अर्ध्यात सोडलं ना, तं आपणच पुढे चालवू. खेळ करू. लोकं आपापल्या गावाहून येतीन आन नौका चालवतीन." मी म्हटलं, "आन शेवट?" तो म्हणाला, "शेवट खेळणारेच करतीन."

चित्रं नव्हती त्यात, नुसती अक्षरं. तुम्ही कुठल्याही गावी बसा, टेलिफोनच्या तारेवरून खेळात या, तुम्हाला एक नौका मिळेल. समोर काय आहे ते पडद्यावर लिहून येईल, आणि तुम्ही काय करता ते तुम्ही टाइप करायचं. नागपूरच्या एका सिनियरच्या मेहेरबानीनं कॉलेजातल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर आम्हाला जागा मिळाली होती. तारा जोडायचं, एकाच वेळी सगळ्यांना खेळता येईल असं बघायचं, हे काम प्रमोदचं, आणि ते तो चांगलं करायचा. खोटं कशाला बोलू. पण सात नौका कशा चालतील, कोण कोणाला काय देईल, काय केलं की मरेल, काय केलं की तगेल, हे सगळं मी लिहिलं. प्रत्येक नौकेचा वास लिहिला, आवाज लिहिले, नौका मेली की पडद्यावर येणारं वाक्यसुद्धा मीच लिहिलं. आम्ही सकाळी बसायचो, बाबा ड्युटीवर गेल्यावर. मोडेम किंचाळायला लागला की पलीकडच्या काकू दारात हजर. आमचाच नंबर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना दिलेला. "माह्या भावाचा सिहोऱ्यावरून फोन येणार हाये, आन तुमचं हे घरघर सुरूच! ठेवा ना बाप्पा थोडं!" आम्ही ठेवायचो, आणि भावाचा फोन काही यायचा नाही.

एक गोष्ट आम्ही अशी केली, जी जवाहरनगरच्या पोरांशिवाय कोणी केली नसती. अंतराळातल्या लढाईचा खेळ, आणि त्यात आगच ठेवली नाही. तोफा नाहीत, स्फोट नाहीत. एका नौकेवरून दुसरीवर जाताना झडती. ठरवून केलं असंही नाही. सुचलंच नाही आम्हाला. चंदीगडचा एक खेळणारा पहिल्याच दिवशी विचारता झाला की यात मारायचं कशाने, तेव्हा कुठे ते आमच्या ध्यानात आलं. मग मी पाण्याचा नियम केला. आसगावला आजोबांच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, मी तो लहानपणापासून पाहिला होता. तलावाचं पाणी सगळ्यात वरच्या बांधीत येतं, तिथून धुरा, म्हणजे बांध, थोडा फोडून खालच्या बांधीत, तिथून आणखी खालच्या. तुमच्या धानाला पाणी पाहिजे तर ते शेजाऱ्याच्या बांधीतूनच येणार. दुसरी वाटच नाही. नीलबेड्यात पाणी तसंच नौकेतून नौकेत जायचं. वरच्यानं 'धुरा फोड' असं टाइप केलं तर खालच्याला मिळायचं. आणि मी आणखी एक केलं: जो न चुकता पाणी सोडेल त्याची जागा सरकत सरकत ध्वजनौकेच्या शेजारी येईल. ध्वजनौका म्हणजे कप्तानाची; पाणी तिला सगळ्यात शेवटी, मालिकेत होतं तसं. हा नियम घातला आणि खेळ जिवंत झाला. चंदीगडवाला मारामारी विसरून कोणाला पाणी द्यायचं आणि कोणाला नाही यावर भांडायला लागला.

शिक्षण संपल्यावर मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि प्रमोदला पुण्याला नोकरी लागली. खेळ तयार करणारी कंपनी, आणि योगायोग असा की तिने मालिकेच्या निर्मात्याकडून 'नीलबेडा'चे हक्क घेतले होते. प्रमोदचा फोन आला तेव्हा मी आनंदानं ओरडले. तो म्हणाला, "आपलं सगळं नेऊन दाखवतो त्यायले. दोघायचं नाव लावतो." तो ते न्यायला आला तेव्हा आईनं त्याच्यासोबत डब्यात वडे दिले. मी सगळं लिहिलेलं त्याच्या हवाली केलं. मग फोन कमी झाले, आणि मग थांबले. मी समजायचे, काम असेल.

कळलं ते रविवारच्या पुरवणीतून. अर्धं पान. प्रमोदचा हसरा फोटो, मागे रंगीत नौका. अर्धवट राहिलेली मालिका आता ऑनलाइन खेळाच्या रूपात परत येणार, देशभरचे लोक एकत्र खेळणार, आणि हे सगळं एका तरुणाच्या डोक्यातून निघालं. पाण्याचा नियम कसा सुचला तेही त्यानं सांगितलं होतं. म्हणे धुरा म्हणजे नेतृत्वाची धुरा. बारा महिने आसगावचा भात खाणारा माणूस! आणि एकट्यानंच केलं का, या प्रश्नावर तो म्हणाला होता, "एकट्यानंच. शेजारची एक मुलगी टायपिंग करून द्यायची."

ते वाक्य मी उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, बाथरूममध्ये जाऊन वाचलं. आई म्हणाली, "त्यानं नसंल म्हणलं असं. पेपरवाल्यायनं लिवलं असंल मनानं." मी लगेच फोन लावला. त्यानं उचलला, आणि आधी आईची तब्येत विचारली. मी म्हटलं, "टायपिंग?" तो म्हणाला, "अर्चू, तसं बोलावं लागते. कंपनीले एकच चेहरा पाहिजे. तू मनाले लावून घेऊ नको." मी म्हटलं, मी सांगेन सगळ्यांना. तेव्हा तो अगदी समजुतीच्या सुरात बोलला, तो सूर मला आजही आठवतो. "सांग ना. पण तुवं ऐकन कोण?" ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्याचं बरोबरच होतं, माझं कोणी ऐकलं नसतं. मी रडले, खूप रडले, आणि मग रडणं संपल्यावर जे उरलं ते घेऊन कामाला लागले.

नवीन खेळ आला तेव्हा सातच्या हजारो नौका झाल्या होत्या, त्यात चित्रं होती, संगीत होतं, तोफासुद्धा होत्या. पुण्याच्या लोकांना आगीची भीती नाही. पण आत माझं सगळं तसंच होतं. पाण्याच्या नियमाला त्यानं हातही लावला नव्हता. तो त्याला कधी कळलाच नव्हता, आणि न कळलेल्या गोष्टीला हात लावायला तो लहानपणापासून भ्यायचा. मी खेळात नाव नोंदवलं. नौकेचं नाव ठेवलं 'बोडी'. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात, आणि आजोबांच्या बोडीतले झिंगे, म्हणजे कोळंबी, प्रमोदनं बोटं चाटत खाल्लेले, पण त्याला काही शंका आली नाही. मग माझा मामेभाऊ गजू आला. आसगावला शेती करायचा, आणि पवनीच्या सायबर कॅफेत त्याचं खातं दुधवाल्यासारखं रोजचं. मग माझ्या कॉलेजातल्या हॉस्टेलच्या पोरी आल्या, मग त्यांच्या तुमसरच्या मैत्रिणी. आणि आम्ही काय केलं? पाणी वाटलं. मागेल त्याला पाणी सोडलं. बंगालातल्या, केरळातल्या, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांच्या नौका आम्ही तगवल्या. लोक आम्हाला आशीर्वाद द्यायचे. गजू कंटाळून म्हणायचा, "ताई, आपण बदला घेऊन राहिलो का धरम करून राहिलो?" मी म्हणायचे, "सोड पाणी, गुमान." आमच्या नौका सरकत सरकत ध्वजनौकेच्या चारी बाजूंना आल्या. प्रमोदनं खेळाच्या फलकावर आमचं जाहीर कौतुक केलं. बोडीसारखे खेळाडू हा नीलबेड्याचा आत्मा आहे, असं लिहिलं त्यानं.

मग कंपनीनं मोठा कार्यक्रम ठेवला. मालिकेचा राहिलेला शेवट आता खेळणारे करणार होते. रविवारी भर दुपारी, पुण्याच्या सभागृहात, मालिकेतला म्हातारा झालेला कप्तान व्यासपीठावर, आणि स्वतः प्रमोद ध्वजनौका चालवणार. तो पुढे, सगळा बेडा मागे, धूमकेतूंच्या फेऱ्यातून बाहेर. लहानपणी ज्याची आम्ही वाट पाहत बसलो होतो तोच क्षण. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर खेळ दिसणार, आणि आम्ही टाइप केलेला शब्दन् शब्दही. मी भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसले. गजू माझ्या बाजूच्या खुर्चीवर, पोरी मागच्या रांगेत. बाहेर शेंगदाणेवाला ओरडत होता, पंखा खडखडत होता.

प्रमोदनं निघायचा हुकूम दिला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम पाणी बंद केलं. आधी त्याला कळलंच नाही. मग त्यानं लिहिलं, बोडी, धुरा फोडा. परत लिहिलं, बोडी, पाणी सोडा, निघायचं आहे. मी लिहिलं, "पाण्याचा हा नियम कोणी केला?" त्यानं लिहिलं, "मीच केला. का?" मी हात मांडीवर ठेवून बसले. ध्वजनौकेचं पाणी उतरत चाललं. चिडून त्यानं आमच्यावर तोफ डागली. तोफ थंड करायला पाणीच लागतं, हे त्याच्याच लोकांनी घातलेलं कलम त्या घाईत त्याच्या ध्यानातून गेलं, आणि पाणी आणखी भराभर उतरलं. मागच्या नौकांचे लोक विचारायला लागले, काय झालं, का थांबलो. तेव्हा त्याचा खासगी निरोप आला, फक्त मला दिसणारा. "कोण आहे?" मी लिहिलं, "शेजारची मुलगी."

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. सभागृहात काय चाललं असेल याची मी कल्पना करत होते, आणि खरं सांगते, त्या वेळेइतकी चव मला कशालाच आलेली नाही. मग त्यानं तिथेच खासगीत लिहिलं, "अर्चू, काय पाहिजे तुले?" मी लिहिलं, "माहं नाव. सगळ्यायच्या समोर." नाक दाबलं की तोंड उघडतं. मोठ्या पडद्यावर, कप्तानासमोर, कंपनीच्या साहेबांसमोर, देशभरच्या खेळणाऱ्यांसमोर एकेक अक्षर उमटलं. "पाण्याचा नियम आणि नीलबेड्याचा सगळा खेळ अर्चना रामकृष्ण लांजेवार हिनं लिहिला. मी तिचं नाव लपवलं." हॉस्टेलच्या पोरी किंचाळल्या. गजूनं टेबलावर थाप मारली. "झालं ताई! झालं! सोड आता पाणी." त्यानं आपला हात पुढे केला, धुरा फोडायला. मी तो धरून ठेवला. "थांब," म्हटलं. "ताई, त्यानं नाव घेतलं ना." "थांब म्हणलं ना मी." प्रमोद लिहीत होता, अर्चू, सोड. अर्चू, लोकं पाहून राहिले. अर्चू, काकूची शपथ. आणि मग पडद्यावर मी कधीकाळी, वडे खाता खाता लिहिलेलं वाक्य आलं. नौका कोरडी पडली, आता तिच्यात कोणी नाही. नीलबेड्यात एकदा मेलेली नौका परत येत नाही, तोही माझाच नियम. पुढे नेणारी नौकाच गेली, बेडा तिथेच राहिला. मालिकेसारखाच खेळही शेवटाच्या अलीकडे थांबला, आणि या वेळी तो मी थांबवला.

पुढे कंपनीला माझं नाव लावावं लागलं. इतक्या लोकांनी पाहिलेलं झाकणार कसं? प्रमोदला तिथून जावं लागलं. लोक मला सांगतात की बेड्यातल्या बाकीच्या हजारो माणसांनी काय वाईट केलं होतं, त्यांचा शेवट मी का हिरावला. प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधायला मी कधी गेले नाही.

त्या दिवशी मी जवाहरनगरला घरी पोचले तेव्हा गजूनं आधीच फोन करून आईला सगळं सांगितलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. "नाव घेतलं ना त्यानं तुवं?" "घेतलं." "मग पाणी काहून नाई सोडलं?" मी चप्पल काढत राहिले. आई म्हणाली, "आमच्या गावात डोकी फुटत होती धुऱ्यावरून. कोर्टात जात होते लोकं. पण माफी मांगल्यावर कोणं पाणी अडवून ठेवलं नाई पोरी. माह्या बापानं त नाईच नाई." मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. आईनं उचलला. पलीकडून "काकू" एवढं ऐकू आलं आणि मग नुसतं रडणं. आई त्याला "जेवला का बाबू?" असं विचारत होती, पुन्हा पुन्हा, आणि तिचेही डोळे वाहत होते. मी तिच्या हातातून फोन घेतला.

"अर्चू," तो म्हणाला, "नाव तं घेतलं ना मी. सगळं कबूल केलं. मग कायले मारलं मले?"

मी म्हटलं, "नाव माहंच होतं, पम्या. माही वस्तू मले वापस केली, तं त्याच्या बदल्यात मी तुले काय देऊ?" आणि फोन ठेवला.

आईनं त्या दिवशी मला ताट वाढलं नाही. मी माझ्या हातानं घेतलं आणि पोटभर जेवले.